गेडीवरून उतरायची रीत

गेडीवर चढणं सोपं असतं. खरी विद्या उतरण्यात आहे, असं छत्तीसगढातल्या आमच्या ब्राह्मणपारा वस्तीतली मोठी पोरं सांगायची. दिव्याच्या अवसेला आमच्या घरी कणकेचे दिवे होत आणि त्याच दिवशी गल्लीतल्या छत्तीसगढी घरांत हरेलीचा सण असे. हरेलीला गेड्या निघायच्या. दोन सरळ बांबू, त्यांना गुडघ्याच्या उंचीवर पाऊल मावेल एवढी बांबूचीच खुंटी, आणि ती नारळाच्या दोरीनं करकचून बांधलेली. त्या दोरीवर रॉकेल ओतायचं. रॉकेल मुरलेली दोरी पावलागणिक रच-रच वाजते, आणि ज्याची गेडी सगळ्यांत जास्त वाजते तो गल्लीचा राजा. हरेलीपासून पोळ्यापर्यंत तो आवाज आणि तो वास गल्लीत भरून राहायचा. खाली चिखल असायचा आणि आम्ही चिखलाच्या वरून चालायचो. गेडीच्या त्या वर्षांत राजा बहुधा मीच असायचो.

उतरण्याची रीत अशी होती. दांड्या आपल्या पुढे असतात. तोल गेला आणि माणूस पुढे झुकला की दांडी तोंडावर बसते, दात जातात. म्हणून तोल जातोय असं वाटलं की गुडघे वाकवायचे नाहीत. अंग ताठ करायचं, दांड्या सोडायच्या आणि मागे उडी मारायची. ही रीत मी गल्लीतल्या कितीतरी लहान पोरांना शिकवली. त्यातल्या एकाचाही दात गेला नाही. आपल्याला शिकवता येतं, असा माझा समज तिथून झाला.

कुमुद माझी धाकटी बहीण, घरात कुमी. ती गेडीवर चढत नसे. मुलींना कोणी चढू देत नसे म्हणा. तिचं राज्य स्वयंपाकघरात होतं, आणि तेही हातांमुळे नाही, नाकामुळे. आमच्या आईला लोणी कढवताना तूप कधी उतरवावं याचा नेहमी संशय पडे. ती हाक मारायची, "कुमे, बघ बरं इकडे येऊन." कुमी परकर सावरत उंबऱ्यापर्यंत यायची, आत पाऊलही टाकायची नाही, नाक थोडं वर करायची आणि म्हणायची, "राहू दे आणखी," किंवा "काढ, काढ, जळते आता." तिचं कधी चुकलं नाही. भाजीत मीठ पडलं नाही हे ती चव न घेता सांगायची. शाळेतून येताना कोपऱ्यावरच थांबून आज घरी काय शिजतंय ते सांगायची आणि मी पैज हरायचो. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते, फार कमी बोलायचे. पण कुमीच्या नाकाचं त्यांना कौतुक होतं. पाहुणे आले की ते तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधून मसाल्याचे डबे एकेक उघडायला लावायचे. जिरं, शहाजिरं, दगडफूल, नागकेशर. पाहुणे हसायचे, कुमी लाजायची आणि आई म्हणायची, "हिच्या सासरचे लोक नशीबवान हो."

हे मी चौबे कॉलनीत मुलाच्या फ्लॅटमध्ये बसून लिहितो आहे. आईचं ते वाक्य लिहिताना हात थांबला होता. पण लिहायला बसलो आहे तर ते गाळून कसं चालेल?

मामा भिलाईच्या कारखान्यात होता. तिथे रशियन साहेबांची कुटुंबं राहायची, आणि त्यातलं एक परत जायला निघालं तेव्हा त्यांनी मामाला मुलांच्या काही वस्तू दिल्या. त्यात चाकांची ती जोडी होती. लोखंडी पट्टी, खाली पुढे दोन आणि मागे दोन चाकं, वर चामड्याचे पट्टे. मधला स्क्रू सैल केला की पट्टी पायाच्या मापानं लांब किंवा आखूड व्हायची. स्केटिंग हा शब्दही आमच्या गल्लीत कोणी ऐकला नव्हता. पोरं त्याला चाकाची गेडी म्हणायला लागली, आणि मीही तसंच समजलो. मामा म्हणाला होता, "मी पुढच्या महिन्यात येतो, आल्यावर शिकवतो. तिथल्या पोरांना शिकताना पाहिलंय मी. तोवर कोणी पायात घालायची नाही." बाबांनी ती जोडी स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात उंच खिळ्याला टांगली आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, "ऐकलंस ना?"

ती खिळ्याला टांगली होती. हे लक्षात ठेवावं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेड्या शिरवायच्या असतात. सकाळी सगळी पोरं रच-रच करत तलावावर जातात आणि गेड्या पाण्यात सोडून पायी परततात. परतताना गल्ली एकदम मुकी वाटते. त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. कालपर्यंत मी राजा होतो आणि आज पाय जमिनीला लागले होते. घरात तान्ह्या पोळ्याची गडबड होती. कुमीनं तिच्या लाकडी बैलाला झूल शिवली होती. आई कालच्या पुरणाच्या उरलेल्या पोळ्या तव्यावर तूप सोडून खरपूस करत होती, शेजारच्या काकींनी ठेठरी आणि खुरमी, असा त्यांच्या सणाचा फराळ आणून दिला होता, आणि बाबा कामानिमित्त दुर्गला गेले होते. मी स्टूल घेतलं आणि खिळ्यावरून जोडी उतरवली. कुमी दारात उभी होती.

"दादा, बाबा मारतील."

"तू सांगशील तर मारतील."

"मी काहून सांगीन?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "मले पण नेशील?"

मी नेलं नसतं तर ती सांगणार नव्हती. एवढं मला तेव्हाही ठाऊक होतं. पण राजाला कोणी बघणारं लागतं, म्हणून मी तिला नेलं.

गावाच्या कडेला एक राइस मिल होती. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचं धान वाळवायला तिच्या मागे भलंमोठं सिमेंटचं अंगण होतं, आणि पावसाळ्यात ते रिकामं पडून असायचं. सणामुळे मिल बंद होती. कुंपणाच्या फटीतून आम्ही आत शिरलो. ऊन पडलं होतं, सिमेंट कोरडं होतं, आणि सगळीकडे वाफवलेल्या धानाचा जुना, आंबूस वास होता. कुमी म्हणाली, "पेजेसारखा वास येऊन राहिला." आधी मी चाकं घातली. भिंतीला धरून थोडा गेलो, मग भिंत सोडली. एकदा तोल गेला. सवयीनं ताठ होऊन मागे उडी मारली आणि बुडावर आपटलो. दुखलं, पण काही झालं नाही. म्हणजे रीत इथेही चालते, असं मी ठरवून टाकलं.

मग कुमी मागे लागली. तिचं पाऊल लहान होतं. पट्टी पूर्ण आखूड करूनही पुढे मोकळी राहत होती, तिथे मी तिच्याच रिबिनी कोंबल्या. तिला उभं केलं. ती आपसूक गुडघ्यात वाकली, पुढे झुकली आणि दोन्ही हात समोर धरून, अंधारात चाचपडावं तशी, इंच इंच सरकायला लागली. मला हसू आलं.

"म्हातारीसारखी काहून वाकून राहिली? ताठ उभी राहा ना!"

"ताठ राहिली तर पडीन रे."

"पडलीस तर मागे उडी मार. पुढे पडलीस तर दात जातील. हे तोंड घेऊन कोण लग्न करेल तुझ्याशी?"

"आणि मागे पडली तर?"

"मागे काही होत नाही. मी पडलो ना आत्ता?"

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. गुडघे सरळ केले, पाठ सरळ केली, हात खाली घेतले. मी तिचा एक हात धरून तिला पळवलं. ती हसायला लागली, "सोडू नको हं, दादा, सोडू नको." वेग आला तसा मी हात सोडला. ती थोडी गेली, डगमगली, आणि मी ओरडलो, "मागे! मागे!" तिनं मी सांगितलं तसंच केलं. अंग ताठ, मागे. पण चाकं पुढे निघून गेली आणि तिच्या डोक्याची मागची बाजू सिमेंटवर आदळली. तो कसा आवाज होता ते मी लिहिणार नाही. गेडीची रच-रच मी विसरलो असतो तर बरं झालं असतं. पण त्या रच-रचीसोबत हाही आवाज कानात राहिला आहे.

तिला उचलून मी रस्त्यावर धावलो, रिक्षा मिळाली, दवाखान्यात पोचलो. ती ओकत होती, डोळे उघडत होती, पण मला ओळखत नव्हती. बाबा दुर्गहून थेट तिथे आले. व्हरांड्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मारायला उचलतील असं मला वाटलं होतं. मी म्हणालो, "चाकं तिनं घेतली. आईच्या ट्रंकेत ठेवली होती, तिथून काढून एकटीच गेली. मी शोधत गेलो तर पडलेली दिसली." खिळा मी म्हणूच शकलो नाही, तिथे तिचा हात पोचला नसता. म्हणून ट्रंक म्हणालो. आईनं नंतर विचारलं, "ट्रंकेत कोणी ठेवली होती?" मी म्हणालो, "मीच, चोरी होऊ नये म्हणून." बाबांनी मला जवळ घेतलं. "तू गेलास म्हणून पोट्टी वाचली," ते म्हणाले. त्या संध्याकाळपासून मी आमच्या घराण्यातला बहिणीला वाचवणारा भाऊ आहे.

कुमी शुद्धीवर आली तेव्हा तिला तो दिवस आठवत नव्हता. तलाव नाही, बैलाची झूल नाही, मिल नाही. "मी काय केलं?" ती सारखी विचारायची, आणि सगळे तिला सांगायचे. आई रडत सांगायची, मामा रागावून सांगायचा, शेजारच्या काकी हसत सांगायच्या: आईची ट्रंक उघडली, चोरून चाकं घेतली, एकटी गेली. मी पलंगाच्या पायथ्याशी बसून ऐकायचो. ती माझ्याकडे बघायची आणि मी होकाराची मान हलवायचो.

घरी आल्यावर काही दिवसांनी आईनं लोणी कढवायला ठेवलं आणि हाक मारली. कुमी उंबऱ्यावर आली, नाक वर केलं, उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. तूप काळं झालं, धूर झाला, आई धावली. "अगं, बोलली काहून नाहीस?" कुमी म्हणाली, "वासच नाही आला." आम्हाला वाटलं सर्दी असेल. ती सर्दी आजतागायत गेलेली नाही. डोक्याला मागून मार बसला की कधीकधी नाकाची नस आतल्या आत तुटते, हे फार वर्षांनी एका डॉक्टरनं सांगितलं. तोवर घरात एकच समज होता: पोट्टीचं ध्यान नाही. तिला चवही राहिली नाही. खारट, गोड, तिखट एवढं कळायचं, बाकी सगळं ओला कापूस चावल्यासारखं, असं ती म्हणायची. पाहुणे आले की बाबा मसाल्याचे डबे काढेनासे झाले. एकदा नव्या पाहुण्यानं रुमालाचा विषय काढला तेव्हा कुमी उठून मागच्या दारी गेली.

तिला अभनपूरला दिलं. धान्याच्या आडतीवर काम करणारा साधा, बरा माणूस होता. पण सासू कडक होती आणि सुनेच्या हाताला चव नाही हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. कुमी मीठ चमच्यानं मोजून घालायची, फोडणी रंगावरून ओळखायची, दूध नासलं की नाही ते डोळ्यांनी बघायची. एकदा डोळ्यांना दिसलं नाही. ते दूध तिनं तान्ह्या मुलाला पाजलं. मूल मरता मरता वाचलं. त्यानंतर सासूनं तिला चुलीजवळ येऊ दिलं नाही. केर, भांडी आणि तांदूळ निवडणं तिच्या वाट्याला आलं, ते सासू होती तोवर. मी भेटायला जायचो तेव्हा सासू माझ्यासमोरच म्हणायची, "लहानपणी चोरी केली, त्याचं फळ भोगून राहिली. तुम्ही होते म्हणून जिवंत तरी हाय." कुमी पदराआड हसायची. पुढे पुढे तर ती स्वतःच लग्नकार्यात सांगायला लागली, "मी लहानपणची चोर हो! दादाले विचारा." सगळे माझ्याकडे बघून हसायचे. मीही हसायचो. त्या हसण्याची मला सवय झाली, हे सगळ्यांत वाईट.

इतकी वर्षं मी एका गोष्टीच्या आधारावर जगलो. खोटं बोललो ते बोललो, पण शिकवलं तर बरोबर होतं. सिमेंट वाईट, नशीब वाईट. तो आधारही गेल्या हिवाळ्यात गेला. माझ्या नातीनं, रेवानं, स्केट्स घेतले; हे नवे, एका ओळीत चाकं असलेले, बुटासारखे. कॉलनीतल्या बागेत एक तरुण बाई मुलांना शिकवते. रेवाला डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना, कोपरांना, मनगटांना गार्ड, आणि मी बाकावर. मला वाटलं आता मुलं पळतील. पण त्या बाईनं सगळ्यांना आधी गवतावर नेलं आणि पडायला लावलं. पुन्हा पुन्हा पडायला लावलं. गुडघे वाकवा, पुढे झुका, हात समोर, आणि तोल गेला की गुडघ्यांवर या, मग हातांवर. "पीछे कभी नहीं," ती ओरडत होती. "सीधे खड़े नहीं होना, घुटने मोड़ो!" रेवा माझ्यासमोर येऊन थांबली. गुडघ्यात वाकलेली, पुढे झुकलेली, दोन्ही हात समोर धरलेली.

"आजोबा, देखो, पहले गिरना सीखते हैं," ती म्हणाली.

मी ती आकृती आधी पाहिली होती. मिलच्या अंगणात, मी रिबिनी कोंबलेल्या चाकांवर, कुमी अशीच उभी होती. तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या शरीराला बरोबर कळलं होतं, आणि मी हसून ते मोडून काढलं होतं. मी डोकं दोन्ही हातांत धरलं. रेवाला वाटलं मला चक्कर आली. तिनं हेल्मेट न काढताच आईला हाक मारली.

त्यानंतर मी अभनपूरला गेलो. कुमी आता एकटी अंगणात खुर्ची टाकून बसते. गॅस गळला तरी कळणार नाही म्हणून सून तिला स्वयंपाकघरात एकटी ठेवत नाही. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. डोळेही अधू झाले आहेत, बोटांनीच खडे शोधते.

"या, या. आज काहून रस्ता भुलले?" ती म्हणाली. "रेवाचे फोटो दाखवले पोरानं. काय ते टोप घातलंय डोक्यावर! आपल्या वेळी असा टोप असता तर मी डॉक्टरीण झाली असती."

मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. स्टूल, खिळा, मिल, मागे उडी, व्हरांडा. एकदाही थांबलो नाही. बोलताना तिच्याकडे बघण्याचं धैर्य नव्हतं म्हणून सुपाकडे बघत राहिलो. तिची बोटं तांदळात फिरत होती, ती थांबली नाहीत. माझं झालं तेव्हा ती हसली.

"दादा, तू चळला आता."

"कुमे, मी खरं सांगतो."

"काय खरं? मले आठवते ना! मीच घेतली होती चाकं. तू घरी नव्हतास. आई पोळ्या करून राहिली होती, मी हळूच गेली, ट्रंकेची कडी काढली."

"जोडी ट्रंकेत नव्हतीच कधी. खिळ्याला होती."

"तुले काय माहीत? तू होतास का तिथे?" तिचा आवाज चढला. सून दारात येऊन बघून गेली. मग कुमीनं सूप बाजूला ठेवलं आणि माझा हात धरला, आजारी माणसाचा धरावा तसा. "ऐक. मी कोणाले सांगितलं नाही हे, हसतील म्हणून. त्या दिवसाचं मले एकच पक्कं आठवते. ट्रंकेचं झाकण उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आईचा शालू होता वर, त्याच्यातून आला. असा भपकन आला! तोच शेवटचा रे. त्याच्यानंतर मले काहीच आलं नाही. बाकीचे वास सगळे मिटून गेले, आईच्या तुपाचा पण नाही आठवत. हा एकच राहिला. कधी कधी झोप नाही येत तर मी तो काढते आणि घेते."

त्या दिवशी कुमीनं तुपात खरपूस होणाऱ्या पोळ्यांचा वास घेतला होता, माझ्या हातांवरच्या रॉकेलचा घेतला होता, मिलच्या अंगणात पेजेचा घेतला होता. ते सगळे तिचे खरे वास होते आणि त्यातला एकही तिच्यापाशी उरला नव्हता. उरला होता तो ट्रंकेचा, जी त्या दिवशी उघडलीच नव्हती. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबांच्या भीतीनं मी जे खोटं बोललो, त्यातून तिनं एवढं एक स्वतःसाठी काढून ठेवलं होतं. मी तेही काढून घ्यायला आलो होतो.

हे प्रकरण मी तिच्या मुलांसाठी लिहितो आहे, तिला चोर म्हणून हसलेल्या सगळ्यांसाठी लिहितो आहे. तिची मुलं मराठी समजतात, वाचत नाहीत. तरी कुठेतरी लिहिलेलं असावं: कुमुदनं काही चोरलं नाही. तिला नीट उभं राहता येत होतं.

तिनं माझा हात हलवला. "बोल ना दादा. आला होता ना गोळ्यांचा वास? तूही उघडली होतीस ना ती ट्रंक, चाकं ठेवायले. येत होता ना?"

"हव," मी म्हणालो. "येत होता. तूच उघडली होतीस."

ती समाधानानं मागे टेकली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.